दुपारच्या गोळीची परवानगी परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य-परवाना अधिकारी,
वुडरिज शाळा मंडळ, टेनेसी.

विषय : शाळेत दुपारी ११.४० ला घ्यावयाच्या गोळीची रद्द झालेली परवानगी पूर्ववत करणे.

संदर्भ : १) आपल्या तपासनिसांचा अहवाल. २) अर्जदाराचे आधीचे तीन अर्ज (एक बिनसहीचा, एक पीच-कॉबलरचा, एक स्वतःलाच आलेला).

महोदया,

१. अर्जदार कु. झकिया टॉलिव्हर, वय चौदा, इयत्ता आठवी, हिला पाचव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला होता. अडीच वर्षांच्या उपचारांनी तो पूर्ण बरा झाला, पण त्याच उपचारांनी जाता जाता अर्जदाराचे लक्ष सैल करून ठेवले. बाई वाक्य सुरू करतात तेव्हा अर्जदार हजर असते, संपवतात तेव्हा नसते. म्हणून डॉक्टरांनी लक्ष टिकवणारी गोळी दिली आहे, एक सकाळी घरी आणि एक दुपारी शाळेत. तिचा असर चार तास राहतो. शाळेतली गोळी नर्स ओडमबाई कुलपातून काढून देतात आणि गिळल्यावर जीभ वर करायला लावतात. त्याबद्दल तक्रार नाही.

२. गेल्या महिन्यात वार्षिक तपासणीसाठी आपले तपासनीस श्री. ब्रॅन्स्कम सव्वाबाराला, म्हणजे गोळीनंतर पस्तीस मिनिटांनी, वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. अर्जदाराने इतिहासाच्या तीन प्रश्नांची उत्तरे दिली. शिवाय त्यांच्या कोटाचे बटण भलत्याच काजात आहे आणि त्यांच्या फॉर्मवर गेल्या वर्षाची तारीख आहे, हेही नम्रपणे निदर्शनास आणले. त्यांनी दोन्ही दुरुस्त केले आणि शेरा लिहिला, "मुलीचे लक्ष उत्तम. औषधाची गरज दिसत नाही." परवानगी रद्द झाली.

यावर अर्जदार जिच्याकडे राहते ती लव्हर्न आत्या म्हणाली, "चष्मा लावून वाचता आलं म्हणून चष्माच काढून घेतला? डोक्यात काय मका भरलाय का गं यांच्या?" दुसरे वाक्य अर्जात घालू नकोस, असेही ती म्हणाली, पण तोवर शाई वाळली होती.

३. दाद मागण्याचा अर्ज विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहावा, असा आपला नियम आहे. सकाळची गोळी शाळेतच संपते आणि दुपारची आपण बंद केली, त्यामुळे शाळा सुटल्यावर अर्ज लिहिणारी मुलगी बिनगोळीची असते. पहिल्या अर्जावर सही राहिली. दुसऱ्या पाकिटात अर्जाऐवजी आत्याची पीच-कॉबलरची, म्हणजे पीच फळाच्या गोड पदार्थाची, कृती गेली. ती आपल्या कार्यालयाने शिक्का मारून परत केली, शेरा : "अपूर्ण. साखरेचे प्रमाण नमूद नाही." तिसऱ्या पाकिटावर अर्जदाराने स्वतःचाच पत्ता घातला. ते दोन दिवसांत घरपोच आले आणि आत्या आनंदाने ओरडली, "झकू, मंडळाचं उत्तर आलं गं!"

४. वार्षिक परीक्षा २१ मे रोजी दुपारी एक वाजता आहे. तीत नापास झाल्यास अर्जदार आठवीतच राहील. इस्पितळामुळे अर्जदाराचे एक वर्ष आधीच गेले आहे. ते आजाराने नेले, त्याच्यापुढे कोणाचे काही चालत नाही. दुसरे वर्ष कार्यालयाने नेऊ नये, ही कळकळीची विनंती.

५. हा अर्ज शनिवारी सकाळी, गोळी घेऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिला आहे. कच्चे कागद सात झाले. पक्की प्रत लिहिता लिहिता आता साडेअकरा वाजले असून असर उतरू लागला आहे. अर्जदार पुढचे खोडणार होती, पण आत्या म्हणते, "खोडू नकोस पोरी. तेच तर बघू दे त्यांना." सबब पुढील मजकूर पुरावा समजावा.

६. शेजारच्या मिस्टर हबर्डांच्या कुत्र्याने मोजा पळवलाय. आमचाच आहे. तर परवानगी. बिस्किटं करपल्याचा वास येतोय, आत्याला सांगते.

सांगितलं. करपली नव्हती. महोदया, शेवटचं औषध झालं त्या दिवशी इस्पितळात माझ्या हातून पितळेची घंटा वाजवून घेतली होती. सगळे टाळ्या वाजवत होते, आत्या तर रडतच होती, सगळे म्हणत होते संपलं, संपलं. संपलं नव्हतं. थोडं माझ्याबरोबर शाळेत आलं. मी आळशी नाहीये हो. कुत्र्याने दुसराही मोजा नेला. मला एक फार महत्त्वाची गोष्ट सांगायची होती ती

आपली नम्र,
झकिया टॉलिव्हर
(सही सकाळी ८.१५ ला, कोऱ्या कागदावर, आधीच करून ठेवली आहे.)
१० मे

सोबत : १. डॉक्टरांचे पत्र. २. श्री. ब्रॅन्स्कम यांचा अहवाल. ३. पीच-कॉबलरची कृती, दुरुस्त प्रत (साखर दीड कप).

ता. क. : रविवार, सकाळी ८.३०, गोळी घेतल्यानंतर. काल राहिलेली गोष्ट अर्जदारास आठवली. श्री. ब्रॅन्स्कम यांना पुन्हा पाठवायचे झाल्यास कृपया एकाच दिवशी दोनदा पाठवावे, एकदा गोळीच्या आधी आणि एकदा नंतर. मुलगी दोन्ही वेळा तीच असेल, आणि दोन्ही वेळा प्रयत्न करत असेल.