डबीतलं ताजं पाणी

मंठा, ३ मार्च २०२५

चि. सुमेधास आत्याचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पसंती आली गं पोरी! पाहून गेल्याला दहा दिवस झाले, पण जालन्याच्या पाहुण्यांना तुझ्या चष्म्याचा बिलकुल पत्ता लागला नाही. हे फोनवर सांगत नाही, आमच्या सूनबाईचे कान लांब. चष्मा माझ्या कपाटात आहे, लग्नापर्यंत तिथेच राहू दे.

सायन्सच्या मास्तरीणबाई, रागावू नका. तुझ्या लेन्सच्या डबीतलं ते शिळं औषध बघून मला किळस आली. माझ्याकडे राहिलीस तेव्हा तू रात्री लेन्स काढून ठेवल्यास की मी ते ओतून देऊन ताजं पाणी भरायची. नऊ दिवसांनी नळ आला तेव्हा माठाआधी तुझी डबी भरली! डोळा लाल आहे म्हणालीस, गुलाबपाणी घाल.

माया आहेच, ती वाढव.
ज्योत्स्नाआत्या

छत्रपती संभाजीनगर, ६ एप्रिल

ती. आत्यास सप्रेम जयभीम.

मी सांगतेय, राजानंददादा लिहितोय. तुझं पत्र महिनाभर वाटूरच्या शाळेत माझ्या खणात पडून होतं. दादानं काल दवाखान्यात वाचून दाखवलं.

डोळ्याला नळाचं पाणी लागलं का, असं डॉक्टर पुनःपुन्हा विचारत होते. मी ठासून सांगितलं, थेंबही नाही. ते दुसऱ्याच आजाराचं औषध घालत राहिले. शेवटी बुबुळावरचं खरवडून तपासलं, तर नळाच्या पाण्यातला अमिबा. सातवीच्या मुलांना दरवर्षी मीच तो सूक्ष्मदर्शकातून दाखवते.

एकदा तर डॉक्टरांनी तुझ्यासमोर विचारलं होतं. तू उशाशी संत्रं सोलत होतीस. का बोलली नाहीस?

सुमेधा

मंठा, ११ एप्रिल

चि. सुमेधास आशीर्वाद.

तेव्हा मुलाचे वडील तुला बघायला येऊन दवाखान्याच्या दारात उभे होते. डबीचं बोलले असते तर चष्म्याचा विषय निघाला असता. मंग वाटलं, डॉक्टर लोक बराबर शोधतील. काल त्यांचा निरोप आला, अधू मुलगी नको म्हणाले. मला माफी मागायला तोंड नाही.

आत्या

वाटूर, २ मे

ती. आत्यास जयभीम.

हे मीच लिहितेय, ओळी वाकड्या आहेत. उजवा डोळा गेला. लोभ असू द्यावा, असं लिहायला हात धजत नाही.

जूनमध्ये शाळा उघडते. माझा चष्मा पाठव, आता तो कुणापासून लपवायचा नाही. डावी काच तेवढी जपून बांध, उजवी फुटली तरी चालेल.

सुमेधा