गंगेचा गडू

बालाघाट, १२ फेब्रुवारी १९६३, संध्याकाळ

फार थकलो. दिवसभर वर्गात पाल्कची सामुद्रधुनी शिकवली. समुद्र मी पाहिलेलाच नाही. घरी आलो तर आई काशीहून आणलेला गंगेचा गडू घेऊन बसलेली. ते पाणी रामेश्वराला वाहिल्याशिवाय तिची यात्रा पुरी होत नाही, आणि मी दरवर्षी 'पुढच्या उन्हाळ्यात नेतो' म्हणतो.

"वैनगंगेत सोडलं तं हे पाणी रामेश्वरले जाईन का रे?"

वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, उपसागर, मग ती सामुद्रधुनी. इतकं सरळ थोडंच असतं? पण म्हणालो, "हौ."

घाटावर तिनं गडू उपडा केला. "झालं. आता तुले सुट्टी."

तिनं मला विचारलं ते भूगोलाचा मास्तर म्हणून, की मी 'हौ'च म्हणणार म्हणून?