शिक्षासूची तोंडपाठ

१ फेब्रुवारी, सकाळी ६
आजपासून दहावीचा अभ्यास. वय त्रेसष्ट. बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. सातवीत सुटलेली शाळा एकदाची काठाला लावायची. रोज चार तास. गणित पहिले.

सायंकाळी
गणित उद्यापासून. आज हॉल तिकिटामागच्या सूचना वाचल्या. मुळापासून सुरुवात केलेली बरी.

५ फेब्रुवारी
कॉपीची शिक्षासूची मोबाइलवरून वहीत उतरवली. चिठ्ठी सापडली की पेपर रद्द, वरून पुढच्या परीक्षेला बंदी. अंगावर लिहिलेलं सापडलं तरी तेच. सगळी तोंडपाठ झाली. डोकं अजून तल्लख आहे.
नात मोना पण यंदा दहावीला. म्हणे, आबाजी, बीजगणित समजावून देऊ का तुमाले? नको म्हटलं. दुसऱ्याच्या डोक्यातलं आपल्या डोक्यात घ्यायचं, म्हणजे तीही कॉपीच.

१२ फेब्रुवारी
ग्रामसभेत कॉपीवर बोललो. टाळ्या पडल्या. भरात सांगून टाकलं, आपल्या करडी गावचा एकही परीक्षार्थी कॉपीत सापडला तर तलावाच्या पाणीवाटपाचं काम सोडीन. वीस वर्षं सांभाळलेलं काम. शब्दाला वजन नको?
मागून मंगरू म्हणे, कवडूभाऊ, धानाचा रोवणा वाळून राहिला, माही पाळी कधी लावता थे सांगा पहिले. हातावर लिहून घेतली, सोमवार. मंगरूचा जीव धानापलीकडे जात नाही.

२० फेब्रुवारी
मराठीचा पेपर झकास. निबंध एवढा रंगला की बाकीच्या प्रश्नांना वेळच उरला नाही. तपासणारा निबंधावरच खूश होईल.

३ मार्च, दुपारी
परवा बीजगणित. पुस्तक उघडलं. डोळे चुरचुरले. मिटलं.
मग मोना आणि शेजारची डिंपल यांची ओसरीवर झडती घेतली. डिंपलच्या तळव्यावर मेंदी! राखेनं घासायला लावली. बायको रुखमिणी म्हणे, पोरींचे हात कायले पाहाता, पुस्तक पाहा. तिला कायद्यातली बारीकी कळत नाही.

५ मार्च, सकाळी ९
मन शांत. आता पुस्तक उघडायचं नाही, उगाच गोंधळ होतो.
दारात मंगरू, पाण्यासाठी. जाता जाता तीन पाळ्या लावून दिल्या. कागद नव्हता, पण कवडूला कागद कधी लागतो? मोबाइल घरी ठेवला. खिसे उलटे करून पाहिले. निघतो.

सायंकाळी ६
भरारी पथक आलं. मॅडम म्हणाल्या, हात दाखवा. सगळ्यांच्या आधी पुढे केले, ऐटीत.
डाव्या तळव्यावर: म ३, क ५, वि २.
मॅडम म्हणाल्या, आजोबा, ही कुठली समीकरणं? सांगितलं, बाई, तलावाचं पाणी आहे. मंगरूचे तीन तास, कमलेशचे पाच, विनोदचे दोन. कोणालाच पटलं नाही. मोना दोन बाकं पुढे, मान खाली. पर्यवेक्षक शिक्षासूची शोधत होते. त्यांना कलम मीच सांगितलं. पेपर रद्द, पुढे बंदी. वीस वर्षांचं पाणी डोळ्यांपुढून वाहून गेलं.
मग मॅडमनी माझी उत्तरपत्रिका उघडली. पहिलं पान. मधली पानं. शेवटचं. बैठक क्रमांक सोडला तर कोरी. पर्यवेक्षकांना हळूच म्हणाल्या, सोडा यांना. कॉपी केली असती तर काहीतरी लिहिलं असतं.
निर्दोष सुटलो. पाणीवाटपाचं काम शाबूत.

ओसरीवर आल्यावर मोना म्हणे, आबाजी, जुलैत पुन्हा पेपर राहाते. आतातरी शिकवू का?
राखेनं हात घासला. पुस्तक घेऊन तिच्यासमोर बसलो. पहिल्याच पानावर एक्स. विचारलं, हा कोण?
मोना हसली नाही. तेच जास्त लागलं.