नारळ गेला कालवणात

चिंचपोकळी, फाल्गुन महिना

चि. सौ. बकुळा हिला,

आधी आला तो गळ्यात टाय बांधलेला माणूस, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. पण थांब गो, आशीर्वाद राहिले. तुला, यजमानांना नि पोराबाळांना तुझ्या आक्काचे भरपूर आशीर्वाद. गुडघा कसा आहे? लसणीचं तेल चोळतेस ना? (नसशील चोळत. लहानपणापासून तुला ऐकायची सवय नाही.) मी ठणठणीत. माझ्या अक्षराकडे बघू नको, रात्रशाळेत बाराखडी पुरी व्हायच्या आत शिकवणाऱ्या बाईंचंच लग्न झालं, त्यामुळे अर्धी अक्षरं मी आपल्या मनाने काढते.

आमची लतिका, सीतारामची थोरली, कॉलेजात सायन्सला आहे ते तुला ठाऊक आहे. ती पळते कशी तेही तू पाहिलंयस, मागल्या शिमग्याला तुझा सुटलेला बोकड तिनेच पकडून आणला. तर आता तिला पुढे युनिव्हर्सिटीत खेळाडूंच्या शरीराचं शास्त्र शिकायचंय. म्हणजे धावताना धाप का लागते, काळीज किती उडतं, पायात गोळे का येतात, काय खाल्लं तर माणूस जास्त पळतो, असलं. (मी म्हटलं, मागे कुत्रा लागला की उपाशी माणूससुद्धा पळतो, त्याला शास्त्र कशाला? तर म्हणते, आजी, तो कसा पळतो तेच तर शिकायचंय.) पण सीतारामने हट्ट धरला, परीक्षा झाली की लग्न, नि लग्न ठरलं की शिकणं बंद. तेव्हापासून पोरगी धड जेवेना. माशाची आमटी पुढ्यात नि ही भिंतीकडे बघत बसलेली. तिचं ताट मी झाकून ठेवायचे नि सकाळी मांजराला घालायचे गो.

त्या रविवारी दोन पाहुणे यायचे होते. चार वाजता मुलाकडची मंडळी. मुलाचं नाव लवू, हिंदमाताला साड्यांच्या दुकानात आहे. आणि सहा वाजता लतिकाचे कॉलेजातले सर, शिकण्याला घरच्यांची परवानगी मागायला. सून माहेरी गेलेली, तिच्या वडिलांना बरं नाही. आणि नेमकी त्याच दुपारी समितीची सभा. सीताराम सतरंज्या घालायला गेला नाही तर मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मिळतो कसा? जाताना म्हणाला, "आये, चारच्या आत येतोच. नाही आलो तर चारवाल्यांचा मान राख. मुलगी पसंत म्हणाले की नारळ देऊन मोकळी हो. सहावाल्यांना जिन्यावरूनच वाटेला लाव." मी मान डोलावली. सभेला गेलेला माणूस चारच्या आत आलेला तू कधी पाहिलायस?

चारला दारात हा टायवाला. गळ्यात टाय, त्याच्यावर शिट्टी लोंबतेय, नाव ॲलॉयशियस. बरोबर गिरगावची एक पोरगी इनेझ, फ्रॉकवाली, हातात लाकडी स्टूल नि काखेत रबराची भलीमोठी पिशवी. मी म्हटलं, किरिस्तावांकडून स्थळ कसं आलं? पण हल्ली काय सांगावं, सीतारामच सभेत म्हणत असतो, जातपात गाडा. आणि चारवाल्यांचा मान राखायचा होता. बसवलं, पोह्यांवर खोबरं जास्त घातलं. लतिका पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली, त्यांना बघितलं नि तोंडावर पदर घेऊन अशी हलायला लागली की मला वाटलं, लाजली.

मग बघणं सुरू झालं. बकुळा, आपल्याला बघितलं तेव्हा काय केलं होतं? चार पावलं चालवलं, सुई ओवायला लावली, झालं. इथे त्यांनी पोरीला स्टुलावर चढ-उतर, चढ-उतर करायला लावलं, हातात घड्याळ धरून मनगट दाबलं, मग तिच्या तोंडात नळी देऊन तो रबरी पिशवा फुगवायला लावला. मी म्हटलं, केवढी चौकस माणसं! सुनेच्या श्वासाची एवढी काळजी कोण करतं? आपल्या सासवांनी कधी विचारलं, दम लागला काय म्हणून? त्या इनेझने मलाही नाडी बघायला शिकवलं, बोटं कुठे ठेवायची ते. शेजारच्या रमाबाई दारात उभ्या राहून विचारतात, "जाईबाई, सोयरीक बघताय की दवाखाना काढलाय?" मी म्हटलं, तुम्ही बघा, शिका.

टायवाले म्हणाले, "आजी, मुलगी फार चांगली आहे, आम्हाला पाहिजे." आता पसंत म्हणजे आणखी काय असतं? मी देवापुढचा नारळ उचलला, कुंकू लावलं, रमाबाईंच्या देखत त्यांच्या हातात ठेवला नि म्हटलं, मुलगी तुमची. त्यांनी बिचाऱ्यांनी दोन्ही हातांनी घेतला. इनेझला मात्र काय ते कळलं असावं, ती जिना उतरेपर्यंत हसत होती. त्या हसण्यात स्टूल इथेच राहिलं.

आणि सहाला आली खरी मंडळी! सभेने रस्ते भरलेले, परळहून पायी आली बिचारी. (तो टायवाला म्हणजेच कॉलेजातले सर. ते लवकर का आले म्हणशील, तर तेही सभेमुळेच. रस्ते बंद व्हायच्या आत म्हणून दोन तास आधी निघाले.) लवू, त्याची आई राधाबाई नि नाना म्हणून एक मामा. आता सहाला आले म्हणजे कॉलेजवाले, असा माझा समज. जिन्यावरूनच लावणार होते वाटेला, पण राधाबाईंना इतकी धाप लागलेली की मला राहवेना. आत घेतलं. राधाबाई विचारतात, "मुलीला काय काय येतं?" मी शास्त्रवाल्यांना सांगावं तसं खरंखुरं सांगितलं: पाच भाकऱ्या खाते, चाळीतल्या पोरांना पळण्यात मागे टाकते, श्वास असा की रबराचा पिशवा तट्ट फुगवते. राधाबाई नि नाना एकमेकांकडे बघायला लागले.

मला वाटलं, या लवूला नमुना म्हणून आणलाय तपासायला. स्टूल होतंच. म्हटलं, चढ रे बाबा. तो शहाणा पोर चढला. हातात आईची पिशवी दिली, तरी चढला-उतरला. मग मनगट धरलं. मला घड्याळ कुठे कळतंय, मी जपाची माळ ओढली. माळेची एक फेरी होईतो त्याचं काळीज जागेवर आलंसुद्धा. दिवसभर गादीवर बसून साड्या उलगडणारा, पण छाती खणखणीत गो! हसत म्हणतो, "आजी, परत करू काय?" नाना तांबडेलाल झाले, "आम्ही मुलगी बघायला आलोय की तालमीला?" तर राधाबाईंनी त्यांना गप्प केलं नि माझ्यापुढे हात केला, "माझी पण बघा हो. घरात कोणाला सांगितलं तर म्हणतात, कमी खा." मी त्यांचीही नाडी बघितली, आलं-गुळाचा काढा दिला. जाताना बाई पाया पडल्या माझ्या.

मग आला सीताराम, घसा बसलेला. नारळ कोणाला गेला ते ऐकल्यावर घसा मोकळा झाला. "आये, सोयरिकीचा नारळ मास्तरला दिलास? जा, परत आण!" मी म्हटलं, घोटाळा झाला रे, पण देवापुढचा नारळ परत मागतात काय? तरी त्याने दुसऱ्या दिवशी निरोप धाडलाच. उत्तर आलं की सरांनी नारळ त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या त्या इनेझच्या आईला दिला, नि तो माशाच्या कालवणात गेला. कालवण फार छान झालं होतं म्हणे. सीतारामने दोन दिवस त्या स्टुलावर राग काढला. तिसऱ्या दिवशी लतिकाला म्हणाला, "फॉर्म आण, सही करतो. देवाचा शब्द गेलाय, माझा काय राहिला." पोरगी त्या दिवशी सहा भाकऱ्या जेवली. माझा मात्र अजून गोंधळच आहे, कोण कशाला आलं नि मी कोणाला काय दिलं.

तुझी,
जाईआक्का

ता. क. तुझ्या अंबिकेला शिकायचं नाही, लग्न करायचंय, असं तूच लिहिलं होतंस. लवूची छाती मी स्वतः तपासलीय. राधाबाईंना सांगून ठेवलंय की माझ्या बहिणीची नात काढा फार सुरेख करते. तेवढा शिकवून आण तिला.

आणखी ता. क. तू लबाड, विचारशील की आक्का, एवढी मोठी शिट्टी तुला दिसली नाही काय? दिसली गो. जिन्याच्या पहिल्या वळणावरच दिसली. पण सीतारामचा शब्द मला मोडता येत नाही, नि नारळाचा शब्द सीतारामला मोडता येत नाही. हा कागद चुलीत घाल.

आणखी एक. शनिवारच्या बोटीने निघ, भाऊच्या धक्क्यावर लतिका घ्यायला येईल. राधाबाई नि लवू परत यायचे आहेत, नि सर स्टूल न्यायला. दोघांनीही दिवस एकच सांगितलाय, पाडव्यानंतरचा रविवार.