गाडीवरून पडल्याचा कागद

आण्णा, त्या परदेशी संस्थेचा परवा ईमेल आला. मार खाल्लेल्या पत्रकारांना मदत करणारी, तीच. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आता ते जुन्या फायली तपासतायत. मेलेल्या पत्रकारांच्या त्यांच्या यादीत तुमच्या नावापुढे 'कारण अनिश्चित' असं लिहिलंय. घरच्या माणसाचा जबाब हवाय. फॉर्म उघडून बसलो आणि हे लिहायला घेतलं.

तो बेकायदा खडी क्रशर आपल्याच भावकीतल्या, तुमच्या पुतण्याचा होता. साप्ताहिकाच्या तीन अंकांत तुम्ही त्याचं नाव छापलंत. चौथ्या अंकाआधी त्यानं जुन्नरच्या बाजारात, भर दुपारी, तुमच्या उजव्या हातावर पहार घातली. तिसऱ्या दिवशी भावकी मिटवायला आली. बाहेरच्या खोलीत सात माणसं बसलीयत, आत आई चहा करतेय. मी म्हणतो, साखर फार झाली. ती म्हणते, "घालू दे. लई ग्वाड बोलायचंय त्यांना." बाहेर थोरले चुलते सांगतायत, "आण्णा, राव, आपल्याच रक्ताचं पोरगं हाय. गाडीवरनं पडलो म्हना, मिटलं." आई दारात येते. "गाडी? यांना सायकल बी येत न्हाई." सगळे हसले. तुम्हीही हसलात. कागद मी लिहिला, अक्षर चांगलं म्हणून. तुमचा हात प्लास्टरमध्ये होता. तुम्ही डावा अंगठा पुढे केलात. "घे. आयुष्यभर छापलं, आता उठव." मी तो धरून शाईत दाबला.

तो कागद गावापुरता आहे, असं तुम्ही समजत होतात. इथं सगळेच तसं समजतात. मिटवल्याचा कागद खोटा असतो हे लिहिणाऱ्याला, वाचणाऱ्याला आणि पोलिसांनाही माहीत असतं. पण तुम्हाला मारल्याचं ज्या संस्थेला कळलं होतं, तिच्याकडे कोणीतरी तो पाठवला होता. तरीही त्यांच्या बाईंनी फोन केला. म्हणाल्या, कागदाचं राहू द्या, त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर पुरे. सहा महिने त्यांना आमच्याकडे परदेशात ठेवू, हातावर उपचार करू, तिथून लिहू देत. मी मराठीत तुम्हाला सांगितलं. फोनकडे तोंड करून, मोठ्यानं, जणू ती बाई बहिरी आहे, तुम्ही म्हणालात, "मला मारलं. पुतन्यानं मारलं. सांग तिला."

मी इंग्रजीत सांगितलं की ते पडले. मोटरसायकल, ॲक्सिडेंट हे शब्द टाळले. ते तुम्हाला कळले असते.

 बाई म्हणाल्या, त्यांना पुन्हा विचारता का? मी तुम्हाला विचारलं, "पाणी हवंय का?" तुम्ही मान हलवलीत. नाही म्हणतायत, मी बाईंना सांगितलं.

तुम्ही सहा महिने परदेशात राहिला असतात. मी आणि आई इथं राहणार होतो, त्या सात माणसांच्यात. तेव्हा हे कारण मला पुरेसं वाटलं. आजही मी दुसरं शोधलेलं नाही.

पुढे दर सोमवारी तुम्ही विचारायचात, "बाईंचं काय आलं?" मी म्हणायचो, बघतायत. एका बाजारात तुम्ही जुना लोकरीचा स्वेटर घेऊन आलात. "थंडी असती तिकडं." घडी करून पिशवीत ठेवलात. प्लास्टर निघालं, पण उजवी बोटं वळेनात, म्हणून डाव्या हातानं चौथी बातमी लिहिलीत, वाकड्या अक्षरात, पुतण्याच्या नावासकट. ती छापून आल्यावर आठवड्यानं तुम्ही डिंगोऱ्याच्या रस्त्याला सापडलात. या वेळी पहार डोक्यावर होती. पोलिसांनी जुना कागद काढला. हा माणूस पडतो, असं त्यात होतंच. संस्थेनं घरी विचारणा केली. मी उत्तर दिलं नाही.

मी तुमच्याकडे साप्ताहिकात शिकाऊ असताना 'इसमास मारहाण' असं लिहिलं की तुम्ही कागद माझ्या अंगावर फेकायचात. "मारनाऱ्याला बाप न्हाई का? नाव लिही." आज फॉर्मवर मारणाऱ्याचं नाव लिहिलं. बापाचंही लिहिलं. पुतण्या गेल्या वर्षी दारूनं मेला, त्यामुळे सोपं गेलं. स्वेटर अंगात आहे, कोपरावर विरलाय. शेवटी एक चौकट होती: त्या फोनवर भाषांतर कोणी केलं?

आठवत नाही, असं लिहून मी फॉर्म पाठवला. हे पत्र तेवढं राहिलंय.