साध्या नळीची वेळ

७ जानेवारी २००२, सोमवार. वारूळवाडी

पोहोचले एकदाची! आईने बार्शीहून बांधून दिलेल्या शेंगापोळ्या नारायणगाव यायच्या आतच संपल्या. प्रवासात भूक का लागते, देव जाणे. स्टँडवर बायडाबाई न्यायला आल्या होत्या. पन्नाशीची, काटक बाई. माझी जड पेटी काखोटीला मारून पुढे चालायला लागल्यासुद्धा.

बैठं घर आहे, मागे द्राक्षाचा बाग. बाहेरच्या खोलीत प्रयोगशाळा, आतल्या खोलीत माझी कॉट. पुणे-नाशिक रस्त्यावर रोज कुणी ना कुणी जखमी होतं आणि दवाखाना गाठेपर्यंत रक्त वाहून जातं. आहुप्याच्या डोंगराकडचे लोक जनावराच्या जखमेवर एका वेलीची साल बांधतात, म्हणजे रक्त थांबतं. त्या सालीचं औषध करायचं दादाभाऊ सरांनी मनावर घेतलंय. प्रयोगशाळा त्यांची, ते पुण्याला असतात. साल खरंच काम करते का, हे मोजायचं काम माझं. पाच वर्षं लघवीच्या बाटल्या तपासून विटलेल्या बाईला आणखी काय हवं!

९ जानेवारी, बुधवार

दोन काचनळ्या. एकीत नुसतं रक्त, ती साधी नळी. दुसरीत रक्त आणि सालीचा अर्क. दोन्ही कोमट पाण्यात उभ्या करायच्या, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला तिरक्या करून बघायच्या. रक्त हलेनासं झालं की स्टॉपवॉच दाबायचं. साधी नळी सात मिनिटं, अर्काची दोन. फोनवर सांगितलं तर सर आनंदाने ओरडलेच.

रक्त माझंच वापरते. गावात कोण सुई टोचून घेणार? अर्क मोजायला पिपेट आहे. तोंडाने ओढायचं, खुणेपर्यंत आलं की वर बोट दाबायचं. ओढायचा रबरी फुगा पुण्याहून येणार आहे म्हणे. येईल तेव्हा येवो, मी शिकले तेव्हापासून तोंडानेच ओढत आलेय. कधी थेंब जिभेला लागतो. कच्च्या सुपारीसारखा तुरट आहे.

नळ्या धुणं बायडाबाईंकडे. शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत, पण घड्याळ चोख कळतं. मला म्हणाल्या, “इंद्राताई, सवताचं रगत किती काडता वो! गूळ-शेंगदाणं खात जा.”

१५ जानेवारी, मंगळवार

साधी नळी सहा मिनिटं. सात यायला हवी होती. नळ्यांना साबण राहत असणार. काल बायडाबाईंनी तिळगूळ देऊन गोड बोला म्हणून सांगितलं, आणि आज मी त्यांनाच फैलावर घेतलं. काय करणार?

१९ जानेवारी, शनिवार

पाच मिनिटं. स्टॉपवॉच रेडिओच्या वेळेशी लावून पाहिलं, बरोबर आहे. पाण्याची ऊब बरोबर आहे. वीज दिवसातून दोनदा जाते, पण ती काही साध्या नळीवरच डूख धरून जात नाही.

सरांचा फोन आला. बारा फेब्रुवारीला मुंबईहून औषध कंपनीचे लोक येणार. साधी नळी सातवर आलीच पाहिजे. ती आपल्या आपण लवकर गोठत असेल तर औषधाने काय केलं, हे कोण मानणार? त्यांना नाही पटलं तर प्रयोगशाळा बंद आणि मी परत बार्शीला, वहिनीच्या स्वयंपाकघरात. मला तिथे जायचं नाही.

२४ जानेवारी, गुरुवार

चार. नळ्या तीनदा धुऊन घेतल्या, उकळल्या, उन्हात वाळवल्या. नवं खोकं फोडलं. तरी चार! सरांना परवाच बायडाबाईंबद्दल लेखी तक्रार पाठवली होती. आज फोनवर म्हणाले, बारा तारीख होऊ द्या, मग काढून टाकू. मी बायडाबाईंना तोंडावर सांगितलं. त्या नळ्या उचलून पुन्हा धुवायला घेऊन गेल्या. शांत माणसावर रागावण्यासारखा दुसरा वैताग नाही.

३० जानेवारी, बुधवार

साधी नळी अडीच, अर्काची दोन. आता दोघींत फरक तो काय राहिला? नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतील मला. पण अंगण खरंच वाकडं असलं तर? आज नळी भिंतीवर फेकून मारली आणि काचा वेचत बसून रडले.

२ फेब्रुवारी, शनिवार

दोडका चिरताना विळीवर बोट कापलं. चांगलं खोल गेलं, पण रक्त आलं नाही. नुसती पांढरी फट. पट्टी वाचली म्हटलं, आणि भाजी फोडणीला टाकली.

५ फेब्रुवारी, मंगळवार

आज बायडाबाईंनी दंड पुढे केला. “माजं घ्या की रगत. नळ्या मी धुतल्याल्या, रगत बी माजं. मंग कळंल कुनाचं चुकतंय.”

घेतलं. सात मिनिटं! तीनदा केलं, तिन्ही वेळा सात. मी त्यांना मिठीच मारली.

मग खाली बसले. नळ्या त्याच, पाणी तेच, घड्याळ तेच. फक्त रक्त दुसरं होतं.

लगेच माझं काढलं. नळीत ओतायला गेले तर सिरिंजमधून बाहेरच येईना. आतच घट्ट झालं होतं.

६ फेब्रुवारी, बुधवार

सरांना सांगितलं. म्हणाले, बारा तारीख होऊ द्या, मग पुण्यात मोठ्या डॉक्टरांना दाखवू, तोवर बायडाबाईचं रक्त वापरा. माझ्या रक्ताचा गोळा होतोय आणि यांची बारा तारीख! पण खरं सांगायचं तर मलाही बारा तारीखच हवी आहे.

बायडाबाईंबद्दलची तक्रार मागे घेते म्हटलं. नंतर बघू म्हणाले.

उजव्या हाताची बोटं बधिर आहेत, पिपेट निसटते. बायडाबाईंना ओढायला शिकवलं. दहा मिनिटांत शिकल्या. “लई सोपं हाय की वो,” म्हणून हसल्या. सगळा अर्क आता त्याच भरतात.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

साधी नळी सहा. ये रे माझ्या मागल्या!

बायडाबाईंवर पुन्हा ओरडले. ओरडू नये कळतं, पण राहवत नाही. पाय जड झालाय. मोरीपर्यंत भिंत धरून जाते.

१० फेब्रुवारी, रविवार

पाच. बायडाबाई मुक्ताईची आन घेऊन सांगतात, नळ्या नीट धुतल्या. खरं असणार. मग काय?

पाणी पिताना एका बाजूने ओघळतं. आरशात बघायचं टाळते. पुण्याला जायचं म्हणत होते, पण उभंच राहवत नाही. डाव्या हाताने लिहितेय.

११ फेब्रुवारी

सकाळी पडले. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं. बायडाबाईंनी उचलून कॉटवर निजवलं. गावातल्या गोरखच्या जीपला निरोप धाडलाय, मंचरच्या दवाखान्यात न्यायला. दुपार होईल म्हणे.

उशाशी बसून म्हणाल्या, “तुमी पडा. उद्या सायेब लोक यायचं हायती. आजच्या नळ्या मी करते समद्या. तुमची नोकरी जायाची न्हाई.”

मी यांना काढायला निघाले होते.

बाहेरच्या खोलीत काचांचा आवाज —

पडल्या पडल्या डोक्यात तेच. नळ्या स्वच्छ. त्या जेवतात त्यांच्या घरी, मी इथे. पाणीसुद्धा त्यांचं वेगळं. तरी आधी माझं रक्त, आता त्यांचं. पाच तारखेला सात होतं त्यांचं. मग सहा, मग पाच. सहा तारखेपासून काय बदललं —

पिपेट

मीच दिली. मीच शिकवली —

महिनाभर माझ्या जिभेवर. तुरट. रोज —

हाक मारली. जीभ हलत नाही, नुसतं घशात गुरगुरतं. तिकडे त्या गुणगुणताहेत. मग मध्येच थांबतात. थांबतात तेव्हा ओढत असतात —

लिहून दाखवू? पण त्यांना वाचता —

तांब्या ढकलला. पडला. मोठा आवाज —

“आले, आले” — बाहेरून. पण शब्द बोबडे. दातांत काही धरून बोलल्यासारखे —

पावलं

दारात. हसताहेत. पिपेट दातांत तशीच. मान हलवतेय, नको, नको, डोळ्यांनी — त्यांना वाटतंय पाणी हवंय — जवळ आल्या — पिपेट काढून हातात घेतली, गाल अर्काने फुगलेले — काय हवं विचारायचंय त्यांना — बोलायला तोंड मोकळं हवं म्हणून त्यांनी तो गि