ढोल वाल्मोरला, एका अटीवर

वाल्मोर दार आपटून निघून गेला, म्हणून या मृत्युपत्राच्या साक्षीदारांतून त्याचे नाव खोडले आहे. बरेच झाले. साक्षीदाराला वारसा घेता येत नाही, आणि त्याच्या वाट्याला काही आहे हे ऐकायला तो थांबला नाही. माझा थोरला भाऊ कोणतेच वाक्य शेवटपर्यंत ऐकत नाही.

तर पुढे. मी, एल्पीदियो नोगेरा, राहणार मादुरेरा, रिओ. हृदय डॉक्टरांच्या मते निकामी, डोके माझ्या मते शाबूत. कोणी न सांगता लिहून ठेवतो की:

राहते घर, भांडीकुंडी आणि गळके छप्पर यांसह, पुतणी इव्होनेते हिला. ती वाल्मोरची मुलगी आहे, यात तिचा दोष नाही. आमचा बँड सांबात अमेरिकेतल्या काळ्यांचे सोल आणि फंक मिसळतो; त्यात ती बास गिटार वाजवते. बापाने तिला अद्याप एकदाही ऐकलेले नाही.

बचत नाही. शनिवारच्या नाचांत जी कमाई झाली, ती रविवारपर्यंत टिकली नाही.

जाड तळव्यांचे बूट आणि जांभळा सूट रेकॉर्ड कंपनीच्या त्या साहेबांना. त्यांनी आमची गाणी ‘ना धड सांबा, ना धड सोल’ म्हणून परत केली, आणि पुढल्या वर्षी तसलीच गाणी किनाऱ्याकडच्या गोऱ्या पोरांकडून गाऊन घेतली. बूट त्यांना मोठे होतील.

कार्निव्हलला मिरवणूक काढणाऱ्या आमच्या सांबा मंडळाचे अध्यक्ष माझ्या शवपेटीवर झेंडा घालायला धावत येतील. त्यांना कॉफी द्यावी आणि झेंडा घडी करून परत द्यावा.

आता सुर्दो. मंडळातला हा सर्वांत मोठा ढोल आमच्या वडिलांचा. तो माझ्याकडे आहे. वाल्मोर मंडळाच्या ढोलपथकाचा प्रमुख, त्यामुळे तो आपलाच असे त्याला वाटते. सांबात जड ठोका दुसऱ्या मात्रेवर पडतो. कार्निव्हलच्या तालमीत मी तो पहिल्या मात्रेवर टाकला. क्लबात फंकवर नाचून तसाच अंगात भिनला होता. नाचणाऱ्या बायका एकमेकींवर आदळल्या. वाल्मोरने सर्वांदेखत मला पथकातून काढले.

“अमेरिकन व्हायचंय ना तुला? मग जा, तिकडेच मर,” म्हणाला.

मी मादुरेरातच मरत आहे, याची नोंद व्हावी.

ती चूक होती असे मी आजही मानत नाही. पहिली मात्रा बासची, दुसरी ढोलाची. दोन्ही एका गाण्यात मावतात. आमचा बँड त्यावरच जगला.

सुर्दो वाल्मोरला मिळावा. अट अशी: प्रेत घरात असेपर्यंत रिवाजाप्रमाणे गाणे, पिणे आणि मेलेल्याची टवाळी होईलच. तेव्हा त्याने तो इव्होनेतेच्या बासबरोबर वाजवावा. एकच गाणे, पण पूर्ण. मध्येच उठला, तर सुर्दो पलीकडच्या टेकडीवरच्या मंडळाला द्यावा. ते कार्निव्हलच्या स्पर्धेत दरवर्षी त्याला हरवतात.

सही: एल्पीदियो नोगेरा
साक्षीदार: डाल्वा फेरेरा, शेजारीण (वाचताना नाक मुरडले, तरी सही केली)
ओरेस्तेस पिन्यो, न्हावी
मादुरेरा, २२ मे १९८६

ता. २३, सकाळी. डाल्वाने वाल्मोरला सगळे सांगितलेच होते. तो आला, सुर्दोचे कातडे दाबून पाहिले आणि इव्होनेतेला विचारले, “गाणं कोणतं?”

दोघे अंगणात बसले. ती त्याला ‘बाबा, घाई करताय’ म्हणत होती, तो तिला ‘तूच रेंगाळतेस’ म्हणत होता. जमले नाही. उद्या पुन्हा येतो, असे तिला सांगून तो माझ्या खाटेपाशी आला.

“अजून बसलेलं नाही,” म्हणाला. “तोवर मरू नकोस.”